ब्लॉक होस्टचा, फ्रेम आपली: आवाज स्वच्छ करणाऱ्या एका प्लगइनचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात दोघांची एक छोटी टीम आहे. एकजण सिग्नल प्रोसेसिंग शिकलेला, दुसरी सी++ मध्ये मुरलेली. घरगुती स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी त्यांनी एक प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) बनवायला घेतलं: पंख्याचा आवाज काढणारं. गरज खरी होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये छताचा पंखा बंद ठेवून बंद खोलीत तासभर गाणं किंवा निवेदन करणं कुणालाच जमत नाही. पंख्याच्या आवाजात दोन गोष्टी असतात. एक हवेची सळसळ, जी जवळजवळ सगळ्या पट्ट्यांवर पसरलेली असते. दुसरी मोटरची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण १०० हर्ट्झवर आणि तिच्या पटींवर बसते.

पद्धत ओळखीची होती. काही सेकंद नुसता पंखा ऐकून त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती आवाज आहे त्याचा नकाशा, साठवायचा. मग गाण्याच्या प्रत्येक लहान फ्रेमचा (तुकड्याचा) एफएफटी काढायचा, म्हणजे तिचे वारंवारतेनुसार बारीक कप्पे पाडायचे, ज्या बिनमध्ये (कप्प्यात) आवाज पंख्याच्या पातळीइतकाच असेल तिथे गेन (आवाजाची पातळी) कमी करायचा, आणि उलटा एफएफटी करून फ्रेम एकमेकींवर चढवत आवाज परत जोडायचा. फ्रेम २०४८ सॅम्पलची (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप) आणि दर ५१२ सॅम्पलनंतर नवी फ्रेम (हे अंतर म्हणजे हॉप), म्हणजे ७५ टक्के ओव्हरलॅप. पायथनमध्ये आख्ख्या फाइलवर हे चालवलं तेव्हा निकाल सुरेख आला. ते नमुने मी ऐकले आहेत. हार्मोनियमच्या भात्याचा श्वास शाबूत ठेवून पंखा गेला होता.

तिथून ते ज्यूसमध्ये, म्हणजे सी++ मध्ये ऑडिओ प्लगइन बनवण्याच्या फ्रेमवर्कमध्ये, आले आणि प्लगइनच्या जगाचा नियम लागू झाला. इथे फाइल हातात नसते. होस्ट, म्हणजे ज्यात गाणं उघडलंय ते सॉफ्टवेअर, प्रोसेसब्लॉक हे फंक्शन पुन्हा पुन्हा बोलावतो, दर वेळी काही सॅम्पल देतो आणि तेवढीच सॅम्पल तिथल्या तिथे परत मागतो. सेकंदाला ४८,००० सॅम्पल या सॅम्पल रेटला ५१२ सॅम्पलचा ब्लॉक (एका वेळी येणारा गठ्ठा) म्हणजे १०.६७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात सगळ्या ट्रॅकवरच्या सगळ्या प्लगइनांचं काम उरकायला हवं. नाही उरकलं तर ऐकणाऱ्याला 'टक' ऐकू येतं.

त्यांच्या दोघांच्याही मशीनवर होस्टचा बफर (ब्लॉकच्या आकाराचं सेटिंग) ५१२ वर होता. हॉपही ५१२. मग सोपी वाट दिसली: शेवटचे चार ब्लॉक लक्षात ठेवायचे, ते जोडून २०४८ ची फ्रेम करायची, आणि ब्लॉक आला की एक फ्रेम चालवायची. चाचणीत हे इतकं नीट चाललं की पहिली आवृत्ती तशीच बाहेर पडली.

अडचण

तक्रारी एकेक करून आल्या आणि एकीचा दुसरीशी संबंध दिसत नव्हता.

मिरजेकडचे एक रेकॉर्डिस्ट आहेत, तबल्याच्या संगतीचं काम जास्त करतात. त्यांचा निरोप आला, "ताई, तबल्याच्या ट्रॅकवर तुमचं प्लगइन लावलं की 'ना' मागून येतो. काढलं की जागेवर." तिने फोन करून विचारलं, "काका, किती मागे वाटतो?" ते म्हणाले, "विलंबितात कळत नाही, द्रुतात खटकतो." हे वर्णन अगदी तंतोतंत होतं. चार ब्लॉकच्या त्या रचनेत फ्रेममधला सर्वांत जुना ब्लॉक बाहेर पडतो, म्हणजे आवाज तीन ब्लॉक उशिरा येतो: १५३६ सॅम्पल, ३२ मिलिसेकंद. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. तबला मात्रेचा आठवा हिस्सा मागे पडत होता, आणि प्लगइन होस्टला सांगत होतं की माझी लेटन्सी (उशीर) शून्य आहे.

दुसऱ्या एकाने कळवलं की गाण्याचा तुकडा लूपवर टाकला की लूपच्या जोडावर दर वेळी टक वाजतं. तिसऱ्याची तक्रार होती की प्लेबॅकला ऐकलेला आवाज आणि एक्सपोर्ट केलेली फाइल जुळत नाहीत. चौथी सगळ्यांत चमत्कारिक: गायकाला हेडफोनवर लवकर ऐकू यावं म्हणून बफर ६४ केला की प्लगइन गुणगुण काढायचं सोडून देतं आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

टीमने या चार वेगळ्या चुका मानल्या आणि चार वेगळे उपाय सुरू केले. टक जावं म्हणून ब्लॉकच्या कडांवर क्रॉसफेड घातला, म्हणजे एक ब्लॉक हळूच विरवत दुसरा चढवला. त्याने टक बोथट झालं, पण आता प्रत्येक ब्लॉकच्या सीमेवर आवाजात एक हलकी थरथर आली. या टप्प्यावर मला बाहेरून कोड बघायला बोलावलं गेलं.

पहिला निर्णय: दुरुस्ती थांबवून मोजणं

मी आग्रह एवढाच धरला की क्रॉसफेड काढा, कोडमध्ये काहीही नवं घालू नका, आणि होस्ट नेमकं काय देतो ते आधी लिहून काढा. तेही जपून. ऑडिओ थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या आवाज हाताळणाऱ्या धाग्यात, थेट स्क्रीनवर छापायला गेलं की छापण्यामुळेच अडथळा येतो आणि नवा आजार तयार होतो. म्हणून आधीच जागा राखून ठेवलेल्या अ‍ॅरेमध्ये प्रत्येक कॉलचा सॅम्पल आकडा टाकत गेलो आणि प्लेबॅक थांबल्यावर तो वाचला.

लूपच्या जोडापाशी आकडे असे दिसले: ५१२, ५१२, १३७, ३७५, ५१२. मधल्या दोघांची बेरीज ५१२. लूपचा शेवट ब्लॉकच्या मध्येच आला, म्हणून होस्टने ब्लॉक तिथे कापला. काही होस्ट ऑटोमेशनच्या (आधी आखून ठेवलेल्या नॉबच्या बदलांच्या) बिंदूंवरही असंच कापतात. एक्सपोर्ट करताना आकडे वेगळेच होते, कारण तिथे घाई नसते आणि होस्ट स्वतःच्या सोयीचा आकडा घेतो. शेवटचा तुकडा तर जवळजवळ नेहमीच अपुरा. एका होस्टकडून मधूनच शून्य सॅम्पलचा कॉलही आला. व्हीएसटी३ या प्लगइनच्या मानकात हे नियमाला धरून आहे: आवाज न देता नुसते पॅरामीटरचे बदल कळवायचे असतील तर होस्ट असा रिकामा कॉल करू शकतो.

आवाज सुरू होण्याआधी होस्ट बोलावतो त्या प्रिपेअरटूप्ले फंक्शनमध्ये मिळणारा ब्लॉकचा आकडा ही वरची मर्यादा आहे. इतकी सॅम्पल येऊ शकतात, एवढंच तो सांगतो. इतकीच येतील असं तो कधीच म्हणत नाही. टीमने तो आकडा स्वतःच्या अल्गोरिदमचा हॉप मानला होता, आणि त्यातून चारही तक्रारी निघत होत्या. बफर ६४ झाला की फ्रेम २५६ ची होई. ४८,००० भागिले २५६ म्हणजे एकेक बिन १८७.५ हर्ट्झ रुंद. १०० हर्ट्झची गुणगुण आणि पुरुष गायकाचा षड्ज एकाच बिनमध्ये पडले तर कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे गणिताला कळणार कसं? आणि १३७ चा ब्लॉक आला की अ‍ॅरेचा आकार बदलायला मेमरी मागितली जाई, तीही ऑडिओ थ्रेडमध्ये, जिथे उत्तर किती वेळात मिळेल याची काही हमी नसते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सूचनेचा: 'बफर ५१२ वर ठेवा' असं वापरणाऱ्यांना सांगायचं. यावर गंभीरपणे बोलणं झालं, कारण तक्रारींचं प्रमाण त्याने लगेच खाली आलं असतं. पण आकडे समोर होते. वापरणाऱ्याने ५१२ ठेवला तरी होस्ट १३७ देणारच. सूचनेने पहिल्या तीन तक्रारी सुटत नव्हत्या.

दुसरा पर्याय, येईल त्या आकाराच्या ब्लॉकला येईल त्या आकाराचा एफएफटी. तो चर्चेतच बाद झाला. बफरच्या सेटिंगवर आवाजाचा पोत ठरणं हाच तर आजार होता.

तिसरा पर्याय, प्लगइनच्या आत स्वतःचा रिंग बफर, म्हणजे टोकाला गेली की परत सुरुवातीपासून भरणारी साठवण. लग्नाच्या पंगतीत पाहुणे दोघे, पाच, दहा असे कसेही येतात, पण पान भरेपर्यंत वाढप सुरू होत नाही; तसं होस्टने कितीही सॅम्पल दिली तरी ५१२ नवी जमल्याशिवाय फ्रेम चालवायची नाही. फ्रेमची गती आपल्या मोजणीवर, होस्टच्या कापाकापीवर नाही. याची किंमत लेटन्सीत मोजावी लागते.

चौथा पर्याय, रिंग बफर अधिक पार्श्वभूमीत चालणारा वेगळा थ्रेड. ऑडिओ थ्रेड फक्त सॅम्पल देणार-घेणार, जड काम दुसरीकडे. कागदावर हा सगळ्यांत आकर्षक दिसतो. अल्गोरिदम बघणाऱ्याचा कल इकडेच होता.

दुसरा निर्णय: ५१२ सॅम्पल जास्त का द्यायची

खरी खडाजंगी इथे झाली आणि ती व्हायलाच हवी होती. जुन्या रचनेची लेटन्सी १५३६ होती. रिंग बफरची २०४८. "मग आपण सुधारलं काय?" असं त्याने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता.

१५३६ हा आकडा तेव्हाच खरा असतो जेव्हा प्रत्येक कॉलला बरोबर ५१२ सॅम्पल येतात. ब्लॉक आला, फ्रेम पूर्ण झाली, जुना ब्लॉक लगेच दिला. आता ब्लॉक १०० चा आला तर? फ्रेम पूर्ण झालेली नाही, आणि होस्टला आत्ता १०० सॅम्पल परत हवीत. ती आधीच तयार करून ठेवलेली असायला हवीत. सर्वांत वाईट स्थितीत पुढची फ्रेम एका आख्ख्या हॉपने दूर असते. म्हणून हाताशी एका हॉपचा साठा लागतो. १५३६ अधिक ५१२, झाले २०४८. ही जास्तीची ५१२ सॅम्पल म्हणजे ब्लॉकच्या आकारापासून सुटका होण्याची किंमत. ४८,००० ला एकूण ४२.७ मिलिसेकंद.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण हाच. जुनी लेटन्सी कमी होती पण बेभरवशाची. ब्लॉक बदलला की तीही बदलणार, आणि होस्टला सांगणार तरी काय? नवी लेटन्सी जास्त, पण कायम तेवढीच. कायम असलेला उशीर होस्टला कळवता येतो, मग होस्ट बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे सरकवून सगळं जागेवर आणतो. मिक्सिंग करणाऱ्या माणसाला त्या ४२.७ मिलिसेकंदांचा पत्ताही लागत नाही. बदलता उशीर कुणालाच भरून काढता येत नाही.

वेगळ्या थ्रेडचा पर्याय सोडला तो एक्सपोर्टमुळे. प्लेबॅकमध्ये घड्याळ खरं असतं. एक्सपोर्टमध्ये होस्ट मशीनच्या वेगाने धावतो, आणि पार्श्वभूमीतला थ्रेड मागे पडला की बाहेर रिकामी सॅम्पल जातात. तिथे थांबून वाट बघण्याची सोय करता येते. होस्ट खऱ्या वेळेत चालतोय की नाही हे ज्यूस सांगतो. पण मग एकाच प्लगइनचे दोन मार्ग तयार होतात, आणि दुसऱ्याची चाचणी रोजच्या वापरात होत नाही. दोन माणसांच्या टीमने हे ओझं घेऊ नये असं मी स्पष्ट सांगितलं. तिलाही ते पटलं. त्याने आधी खर्च मोजू असं ठरवून तो मुद्दा बाजूला ठेवला.

काय केलं

रचना साधी आहे, म्हणून ती पूर्ण सांगतो. दोन वर्तुळाकार बफर, दोन्ही २०४८ लांब, प्रिपेअरटूप्ले मध्येच जागा राखलेले. एकच जागादर्शक. प्रत्येक सॅम्पलसाठी: आउटपुट बफरमधल्या या जागेचं सॅम्पल उचला आणि ती जागा शून्य करा, आलेलं सॅम्पल इनपुट बफरमध्ये त्याच जागी ठेवा, जागादर्शक एकने पुढे, टोकाला गेला की परत सुरुवातीला, मोजणी एकने वाढवा. मोजणी ५१२ झाली की ती शून्य करून फ्रेम चालवा: जागादर्शकापासून सुरू करून २०४८ सॅम्पल क्रमाने काढा, विंडो लावा (फ्रेमच्या कडा हळूच उतरवा), एफएफटी, गेन, उलटा एफएफटी, पुन्हा विंडो, आणि त्याच जागादर्शकापासून आउटपुट बफरमध्ये मिळवत जा. मिळवायचं, आधीचं पुसायचं नाही. होस्टचा ब्लॉक या सगळ्यात कुठेच येत नाही. १३७ आला तर लूप १३७ वेळा फिरतो, शून्य आला तर फिरतच नाही.

ज्यूसमध्ये लॉक न वापरणारा तयार फिफो (आधी आलेलं आधी देणारी रांग) आहे, तो घ्यावा का असं तिने विचारलं. तो दोन थ्रेडमधल्या देवघेवीसाठी असतो. इथे लिहिणारा आणि वाचणारा थ्रेड एकच, तेव्हा साधे अ‍ॅरे पुरतात.

यात तीन ठिकाणी बारीक गफलत झाली होती आणि तिन्ही एकाच चाचणीने पकडल्या. सगळे गेन १ ठेवायचे, म्हणजे प्लगइनने काहीच न करता आवाज फक्त २०४८ सॅम्पल उशिरा द्यायला हवा. मूळ आवाज तेवढाच मागे सरकवून तो वजा करायचा. उरायला हवं शून्य, किंवा फ्लोटिंग पॉइंटच्या गणिताचा गाळ.

पहिल्यांदा उरलं बरंच, आणि तेही मुख्यतः वरच्या पट्टीत. कारण आधीच्या मसुद्यात क्रम उलटा होता: सॅम्पल लिहा, फ्रेम चालवा, मग वाचा. त्याने उशीर २०४७ होतो आणि होस्टला सांगितलेला असतो २०४८. एका सॅम्पलने काय बिघडतं असं वाटेल. पण कुणी तोच ट्रॅक प्लगइनशिवाय समांतर ठेवला तर एका सॅम्पलच्या फरकाने १२,००० हर्ट्झवर ३ डेसिबल जातात, आणि वर आणखी. झांजेची चमक तिथेच असते.

क्रम सुलटा केल्यावर उरलं ते कानाला न कळणारं पण मीटरवर दिसणारं. तो दोष हॅन विंडोचा होता. विंडोच्या सूत्रात भाजक २०४७ घेतला की दोन्ही टोकं शून्यावर येतात, दिसायला देखणी दिसते, पण चार फ्रेमची बेरीज सपाट राहत नाही. भाजक २०४८ हवा. हॅन दोनदा लावली की ७५ टक्के ओव्हरलॅपवर बेरीज बरोबर १.५ येते, म्हणून शेवटी दोन तृतीयांशने गुणायचं. तिसरी गफलत याच आकड्यात होती.

यानंतर जी चाचणी लिहिली ती मला या कामातली सर्वांत मोलाची वाटते. तोच आवाज एकदा सलग ५१२ च्या ब्लॉकने द्यायचा, आणि एकदा वेड्यावाकड्या तुकड्यांनी: १, ७, १३७, ०, ६४, ४०९६, कसेही. दोन्ही आउटपुट बिटन्‌बिट सारखे यायला हवेत. जवळपास सारखे नव्हे, तेच. फ्रेम फक्त सॅम्पलच्या मोजणीवर चालत असेल तर यात फरक पडायला कारणच नाही, आणि फरक दिसला तर कुठेतरी ब्लॉकचा आकार आत झिरपलाय हे नक्की. झिरपला होताच. गेन हळूहळू बदलावा म्हणून घातलेलं स्मूदिंग ब्लॉकमागे एकदा चालत होतं. ते फ्रेममागे एकदा असं केलं. याशिवाय प्लगिनव्हॅल हे मोफत साधन वेगवेगळे ब्लॉक आणि सॅम्पल रेट देऊन प्लगइन तपासतं. त्याची पाचवी पातळी पार झाल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर द्यायची नाही असा नियम टीमने केला.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या, पण त्या विसरल्या असत्या तर नव्या तक्रारी ठरलेल्या होत्या. बायपास केलं (प्लगइन तात्पुरतं बंद केलं) तरी होस्ट २०४८ ची भरपाई करतच असतो, तेव्हा बायपासच्या वाटेवरही तेवढाच उशीर हवा. नाहीतर बटण दाबताक्षणी ट्रॅक पुढे उडी मारतो. मूळ आणि स्वच्छ आवाज मिसळण्याचा नॉब होता, त्यातल्या मूळ आवाजालाही २०४८ चा उशीर दिला. प्लेबॅक थांबवून दुसरीकडून सुरू केलं की बफरमध्ये अडकलेला मागच्या जागेचा आवाज सुरुवातीला ऐकू येई, म्हणून रीसेटमध्ये दोन्ही बफर पुसले. ९६,००० च्या सॅम्पल रेटला फ्रेम ४०९६ आणि हॉप १०२४ केला, नाहीतर बिनची रुंदी २३.४ वरून ४६.९ हर्ट्झवर जाते आणि गुणगुण पुन्हा सुटते.

तिसरा निर्णय: सगळं काम एकाच ब्लॉकवर

बफर ६४ असताना होस्टचा प्रत्येक ब्लॉक १.३३ मिलिसेकंदांचा. हॉप ५१२ चा, म्हणजे आठपैकी सात ब्लॉकांत प्लगइन फक्त सॅम्पल इकडून तिकडे ठेवतं आणि आठव्यात फ्रेमचं सगळं काम करतं. होस्टचा सीपीयू मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे तो निवांत दिसतो आणि आवाज मात्र तुटतो. जुन्या लॅपटॉपवर वीसेक ट्रॅकला हे प्लगइन लावलं की असं होई, कारण गाणं सुरू झालं की सगळ्या इन्स्टन्सची (लावलेल्या प्रतींची) मोजणी एकाच क्षणी सुरू होते आणि सगळ्यांचा आठवा ब्लॉक एकच येतो.

इथे वेगळ्या थ्रेडचा मुद्दा परत आला. आधी ठरल्याप्रमाणे मोजलं. सगळ्यांना वाटत होतं एफएफटी महाग असेल. निघालं वेगळंच: प्रत्येक बिनमागे लॉगरिदम आणि एक्सपोनेन्शियल काढला जात होता, एका चॅनलला १०२५ वेळा, कारण गेनचा हिशेब डेसिबलमध्ये लिहिला होता. तो हिशेब सरळ ऊर्जेच्या गुणोत्तरात करता येत होता. बदल थोडक्या ओळींचा होता आणि फ्रेमचा खर्च डोळ्यांत भरेल इतका उतरला. एफएफटीचा खर्च त्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर होता. मॅकवर ज्यूस अ‍ॅपलचीच व्हीडीएसपी लायब्ररी वापरतो, ती वेगवान आहे. विंडोजवर वेगळी लायब्ररी जोडली नसेल तर ज्यूसचा स्वतःचा साधा एफएफटी चालतो. तिथे त्यांनी वेगवान लायब्ररी जोडली.

उरलं इन्स्टन्सचं एकत्र येणं. यासाठी प्रत्येक इन्स्टन्सची मोजणी वेगळ्या आकड्यापासून सुरू केली. कुणी ० पासून, कुणी ६४, कुणी १२८. लेटन्सी यामुळे बदलत नाही. फ्रेम कधी चालते ते सरकतं, सॅम्पल मात्र २०४८ नंतरच बाहेर पडतं. डाव्या-उजव्या चॅनललाही असंच सरकवावं असा विचार झाला, पण गेन दोन्ही चॅनल मिळून ठरतो. वेगळा ठरवला तर गायक मधूनच डावीकडे झुकल्यासारखा वाटतो, म्हणून तो बेत सोडला.

या सरकवण्यात एक आडवळण आहे. फ्रेमची जाळी सरकली की गेनचे निर्णय किंचित बदलतात. गाणं आज उघडलं आणि उद्या उघडलं, इन्स्टन्सला वेगळा आकडा मिळाला, तर दोन एक्सपोर्ट बिटन्‌बिट जुळणार नाहीत. कानाला फरक कळणार नाही, पण काम पुन्हा उघडल्यावर तेच मिळावं ही व्यावसायिकाची अपेक्षा रास्त आहे. म्हणून तो आकडा प्लगइनच्या जतन होणाऱ्या माहितीत टाकला, आणि रीसेटला मोजणी शून्यावर न आणता त्या आकड्यावर आणली. ट्रॅकची नक्कल केली की आकड्याचीही नक्कल होते आणि ते दोघे एकाच वेळी काम करतात. एवढं चालवून घेतलं.

गाताना ऐकणाऱ्यांचं काय

मिक्सिंगचा प्रश्न सुटला, गायकाचा नाही. होस्ट भरपाई करतो ती आधीच रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकची. आत्ता गाणाऱ्याचा आवाज भविष्यातून आणता येत नाही. हेडफोनवर स्वतःचा आवाज ४२ मिलिसेकंद उशिरा आला की लय सुटते. म्हणून ५१२ ची फ्रेम आणि १२८ चा हॉप अशी लाइव्ह पद्धत हवी होती: १०.६७ मिलिसेकंद, वर इंटरफेसचे बफर. त्यात बिन ९३.७५ हर्ट्झ रुंद, म्हणजे सळसळ जाते आणि गुणगुण बरीचशी राहते. खालच्या पट्टीसाठी वेगळा अरुंद नॉच फिल्टर (ठरावीक वारंवारताच कापणारा) देऊन ते थोडं सावरलं.

प्रश्न होता ही पद्धत द्यायची कशी. एकाच प्लगइनमध्ये बटण दिलं तर दाबताक्षणी लेटन्सी बदलते. ती होस्टला कळवता येते, पण चालू गाण्यात कळवली की काही होस्ट क्षणभर अडखळतात, आणि कुणी त्या बटणावर ऑटोमेशन टाकलं तर आणखीच अवघड. नेहमी मोठा आकडाच सांगायचा तर लाइव्हचा अर्थच गेला. शेवटी एकाच कोडमधून दोन प्लगइन बाहेर काढली, स्टुडिओ आणि लाइव्ह. दोघांचीही लेटन्सी जन्मापासून ठरलेली. यादीत दोन नावं दिसतात हे त्याला खटकत होतं. मला हा निर्णय आजही योग्य वाटतो.

निकाल

मिरजेच्या काकांनी नवी आवृत्ती लावून द्रुत तीनतालाचा तोच ट्रॅक पाठवला. 'ना' जागेवर होता. लूपवरचं टक गेलं, एक्सपोर्ट आणि प्लेबॅक जुळले, बफर कुठलाही ठेवला तरी स्टुडिओ आवृत्तीचा आवाज एकच राहिला. क्रॉसफेडचा कोड पूर्ण काढून टाकला. जुन्या आवृत्तीत तयार केलेल्या प्रोजेक्टमध्ये मात्र काहींनी ट्रॅक हाताने ३२ मिलिसेकंद पुढे ओढून ठेवले होते. नवी आवृत्ती लावताच ते पुढे गेलेले दिसू लागले. त्यांना प्रत्येकाला वेगळं कळवावं लागलं. हे काम नकोसं होतं आणि ते टीमने मनापासून केलं.

आज करायचं तर काय वेगळं

दोन गोष्टी. पहिली, वेड्यावाकड्या तुकड्यांची ती चाचणी अल्गोरिदमच्या आधी लिहायची. आत काहीच नसलेलं, नुसता उशीर देणारं प्लगइन बनवून ते सगळ्या होस्टमध्ये फिरवायचं, लेटन्सी जुळते का बघायचं, आणि मग त्यात एफएफटी घालायचा. रिंग बफर आणि पंख्याचं गणित या दोन अडचणी एकदम अंगावर घेण्याची गरज नसते.

दुसरी, लाइव्ह आवृत्तीत एफएफटीमधून आवाज नेलाच पाहिजे का हा प्रश्न आधी विचारायचा. पंखा क्षणाक्षणाला बदलत नाही. मोठी २०४८ ची फ्रेम फक्त मोजण्यासाठी वापरावी, तिच्यातून प्रत्येक पट्टीचा गेन ठरवावा, त्या गेनवरून एक छोटा मिनिमम-फेज (कमीत कमी उशीर करणारा) फिल्टर बांधावा आणि आवाज थेट त्या फिल्टरमधून न्यावा. मोजणी ४२ मिलिसेकंद मागची असेल, आवाज मात्र जवळजवळ लगेच बाहेर पडेल. यालाही मर्यादा आहेत. अक्षर संपताक्षणी गेन बंद करणं जमणार नाही, शेपटी थोडी राहील. छोट्या फिल्टरला खालच्या पट्टीत अरुंद काप घेता येत नाहीत, म्हणून गुणगुणीचा नॉच वेगळाच ठेवावा लागेल. आणि मिनिमम-फेजमुळे फेज सरकतो, त्यामुळे मूळ आवाज मिसळण्याचा नॉब त्या आवृत्तीतून काढावा लागेल. टीमने लाइव्हसाठी हा मार्ग करून बघायला घेतला आहे. स्टुडिओ आवृत्तीला हात लावायचं कारण नाही.